लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाळीवर कोण?

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी सव्वीस वर्षं काढली. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या टेबलाभोवती जी गर्दी होई, ती पगाराच्या दिवशीही होत नसे. कोण कोणत्या पाळीला येणार हे ठरवायचे शिफ्ट इनचार्ज. पण तक्ता माझ्या हातचा, पेन्सिल माझी आणि खोडरबरही माझंच. त्यामुळे नोकरीच्या जागेतला सण दाखवणारा विनोदी मालिकेचा भाग लागला, की माझी नजर कंदिलावर जात नाही. रजेवर कोण गेलं आणि पाळीवर कोण राहिलं, हे मी आधी पाहतो. पाहण्याची ही पद्धत थोडी तिरकी आहे हे कबूल. पण अशा भागांचं खरेखोटेपण तपासायला तिच्याइतकी कामाची कसोटी मला अजून मिळालेली नाही.

निवृत्तीनंतर हा उद्योग सुरू झाला तो भाच्यामुळे. तो पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे आणि पावसाळ्यात चार दिवस आमच्याकडे येतो. सावित्रीला पाणी चढलं की घराबाहेर पडायची सोय नसते. अशा वेळी त्याच्या लॅपटॉपवर आम्ही अमेरिकेतल्या जुन्या विनोदी मालिका पाहत बसतो. खाली अक्षरं येतात म्हणून निभावतं, आणि जे निसटतं ते तो समजावून देतो. तिकडे मालिकेचा हंगाम साधारण सप्टेंबर ते मे असा चाले. म्हणजे प्रत्येक हंगामात नाताळ येणारच. मग लेखक मंडळी दरवर्षी नाताळचा एक भाग लिहीत, आणि असं करता करता सणाचा भाग हा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला. यातले गाजलेले भाग निवडून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सणाच्या दिवशी कामाची जागा जितकी उघडी पडते तितकी एरवी पडत नाही, हे त्यांतल्या बऱ्याच लेखकांना कळलेलं होतं. मात्र कळलेलं शेवटपर्यंत निभावणं फार थोड्यांना जमलं.

‘द मेरी टायलर मूर शो’ या मालिकेचा 19 डिसेंबर 1970 रोजी दाखवलेला नाताळचा भाग घ्या. मेरी मिनिआपोलिसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रातल्या बातमी विभागात काम करते. नाताळच्या दिवशी तिला कामावर यायचंच आहे. त्यात आणखी भर पडते. कुटुंब असलेल्या एका सहकाऱ्याला घरी जाता यावं म्हणून ती आदल्या रात्रीची पाळीही स्वतःकडे घेते. मेरी एकटी, अविवाहित. सहकाऱ्याला घर आहे, आणि तिलाही आहे. पण तिच्या घरात वाट पाहणारं कोणी नाही. एवढ्यावरच हिशेब मिटतो. मग रिकाम्या इमारतीत, अर्धे दिवे बंद असताना, ती एकटी बसून राहते.

हा हिशेब मला पाठ होता. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा तक्ता याच तर्काने भरत असे. आधी अविवाहित पोरं. मग ज्यांची बायकामुलं गावी आहेत ते. मग उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांना दिवाळीपेक्षा नंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठपूजेला गावी असण्याची ओढ जास्त, म्हणून ते आपणहून म्हणत, ‘आता टाका आम्हाला, पण छठला सोडा.’ पंचक्रोशीतले मुसलमान कामगारही दिवाळीची रात्र घेत आणि बदल्यात ईदच्या दिवशी बदली मिळवत. या अदलाबदलीला कोणी सर्वधर्मसमभाव म्हटलं नाही. तो निव्वळ पाळ्यांचा व्यवहार होता, आणि तो चोख चाले. अमेरिकी भागात हा व्यवहार एकतर्फी आहे. मेरीने दिलं, त्याची परतफेड कधी, हे कोणी विचारत नाही. आमच्या तक्त्यावर अशी उधारी ‘सी-ऑफ’ म्हणून मांडली जाई आणि सहा महिन्यांनीही वसूल होई.

तरीही हा भाग मोठा आहे, कारण कामाच्या जागेतला सण म्हणजे जेवणावळ नसून आधी वाटणी असते, हे त्याने मध्यावरच मांडून ठेवलं. पडतो तो शेवटाला. मेरीचे वरिष्ठ लू, सहकारी मरे आणि टेड तिच्या सोबतीला येऊन हजर होतात आणि सण साजरा होतो. छान वाटतं. पण माझ्या सव्वीस वर्षांत रजेवर असलेला एकही माणूस रात्रपाळीवाल्याला सोबत करायला गेटवर आलेला मी पाहिला नाही. यात माणसांचा दोष नाही. बिरवाडीहून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत पोचलेला माणूस रात्री परत यायचा कशाने?

मालिकेचा दोष मात्र मुळातला आहे. विनोदी मालिका उभी राहते ती पाच-सात ठरलेल्या चेहऱ्यांवर. प्रेक्षक त्यांच्यासाठी येतो, आणि सणाच्या दिवशी तर ते सगळे त्याला एका चौकटीत हवेच असतात. म्हणून सणाचा भाग माणसं जमवतो. कारखाना नेमकं उलटं करतो: सण आला की माणसं पांगतात, आणि मागे राहतात ते चारच. अखंड चालणाऱ्या प्रक्रियेच्या कारखान्यात तीन पाळ्या आणि चौथा रिलिव्हरचा गट असतो. हे चारही गट एका वेळी एका ठिकाणी कधीच नसतात. आमच्या कारखान्यातल्या सगळ्या माणसांचा एकत्र फोटो निघालेला नाही. निघायचाच असता तर रिॲक्टर थंड करावा लागला असता.

मालिकेतल्या दिवाळीत ज्याला हसावं असं आणखी एक म्हणजे पणत्या. टेबलाटेबलांवर, कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी, संगणकाच्या वायरींमध्ये तेलाच्या पणत्या ठेवलेल्या असतात. आमच्याकडे काडेपेटी गेटवर जमा करून आत जायचं. सॉल्व्हंटच्या भागात उघडी ज्योत तर सोडाच, साधा बल्बही चालत नाही. सगळी जोडणी फ्लेमप्रूफ. त्यामुळे कंदील लागे तो फक्त टाइम ऑफिसच्या दारावर. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई, झेंडूच्या माळा जिन्याच्या कठड्याला बांधल्या जात, पण कापूर आणि आरती बाहेर, प्रशासकीय इमारतीच्या व्हरांड्यात. आत यंत्राला हळदकुंकू लावून, उदबत्ती न लावता नमस्कार करायचा. देवालाही तिथे सुरक्षेचे नियम होते. नोकरीची जागा खरी दाखवायची तर असला एक तपशील पुरे असतो. पण त्यासाठी लेखकाने एकदा तरी गेटच्या आत जायला हवं.

या निकषावर ‘द ऑफिस’च्या अमेरिकी आवृत्तीतला ‘दिवाळी’ हा भाग मला अनपेक्षितपणे खरा वाटला. तो 2 नोव्हेंबर 2006 रोजी दाखवला गेला आणि लिहिला मिंडी कॅलिंगने. केली कपूर ही भूमिकाही तिचीच. कागद विकणाऱ्या कंपनीच्या स्क्रँटन शाखेत केली एकटीच भारतीय वंशाची, आणि ती सगळ्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावते. दिवाळी म्हणजे काय हे तिला स्वतःलाच धड सांगता येत नाही. साहेब मायकेल स्कॉट आदल्या बैठकीत हिंदू संस्कृतीवर आपलं अगाध ज्ञान पाजळतो, आणि कार्यक्रमात सगळ्यांसमोर माइकवरून मैत्रिणीला मागणी घालून स्वतःची शोभा करून घेतो. भाचा हसून लोळत होता. मी पाहत होतो ते वेगळंच. कार्यक्रम कंपनीत नाही, एका शाळेच्या सभागृहात आहे, आणि तो कामाचे तास संपल्यावर आहे. कारण त्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत दिवाळी नाहीच. ज्या सणाला सुट्टी नाही, तो सण माणूस असाच साजरा करतो: संध्याकाळी, भाड्याच्या जागेत, साहेबाला आमंत्रण देऊन.

आणि त्याच रात्री स्टॅमफर्डच्या दुसऱ्या शाखेत जिम, कॅरन आणि अँडी उशिरापर्यंत कागद उरकत बसलेले आहेत. दारू निघते, जिमला ती चढते, सायकलवरून घरी जाताना तो झुडपात पडतो आणि कॅरन त्याला गाडीतून घरी सोडते. लेखिकेचा हेतू प्रेमकथा पुढे सरकवण्याचा असेल. पण सभागृहातला नाच आणि ऑफिसातलं हे जागरण आलटून पालटून दाखवल्यामुळे, सण आणि पाळी एकाच वेळी, एकाच कंपनीत, दोन ठिकाणी चालू असतात हे सत्य पडद्यावर आलं. मेरीच्या भागात जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण इथे मागे राहिलेल्यांच्या सोबतीला कोणी येत नाही.

आपल्याकडचं काय? दूरदर्शनवर 1988 साली आलेल्या ‘वागळे की दुनिया’त आर. के. लक्ष्मण यांच्या रेषेतला मध्यमवर्गीय माणूस अंजन श्रीवास्तव यांनी उभा केला. नोकरी हा त्या घराचा श्वास आहे हे त्या मालिकेत सतत जाणवतं. 2001 मध्ये आलेल्या ‘ऑफिस ऑफिस’मध्ये पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर आठवड्याला नव्या कचेरीत जाई आणि तीच पाच माणसं त्याला नव्या हुद्द्यांवर भेटत, आपल्या आसावरी जोशींच्या उषाजी त्यांतल्याच. मला ही मालिका आवडते, पण ती कचेरीचं चित्रण आहे असं मी म्हणणार नाही. ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसलेलं चित्र आहे. खिडकीच्या आतल्या माणसालाही रजेचा अर्ज लिहावा लागतो, हे त्या बाजूने दिसत नाही.

मराठी दैनंदिन मालिकांत सण भरपूर. पंचांगाबरोबर पळणारी ती गाडी. गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, काही चुकत नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’तली जान्हवी बँकेत नोकरी करायची. त्या मालिकेतले सण म्हटले की मला आठवतं ते गोखल्यांचं घर आणि सासवांच्या साड्या. दिवाळीच्या आठवड्यात बँकेत काय झुंबड असते ते पाहायला महाडच्या कुठल्याही शाखेत उभं राहावं, पण मालिकेत ते पाहिल्याचं मला आठवत नाही. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या हिंदी मालिकेत मात्र कामाचे दोन धागे पक्के आहेत. एक, जेठालालच्या दुकानातले नट्टूकाका आणि त्यांची वर्षानुवर्षं टळलेली पगारवाढ. घनश्याम नायक 2021 मध्ये गेले, पण ती मागणी करतानाचा त्यांचा ओशाळा चेहरा लहान दुकानातल्या जुन्या नोकराचा अस्सल चेहरा होता. दुसरा धागा माधवी भिडेचा लोणची-पापडांचा व्यवसाय. आमच्याकडे बचत गटाच्या बायकांना दिवाळी म्हणजे हंगाम. चकल्यांचा घाणा रात्री दोनपर्यंत चालतो आणि स्वतःच्या घरचा फराळ शेवटच्या दिवशी होतो. गोकुळधाम सोसायटीच्या दिवाळीत माधवीभाभी अंगणात नाचताना दिसते. तिने त्या आठवड्यात किती किलोची ऑर्डर पुरी केली, हे विचारायचं राहून जातं.

आता बोनस. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही एका रेडिओ केंद्रावरची मालिका. तिचा डिसेंबर 1980 मधला नाताळचा भाग व्यवस्थापक कार्लसन यांच्या भोवती फिरतो. त्यांनी यंदा बोनस द्यायचा नाही असं ठरवलं आहे. मग स्वप्नात त्यांना भूत, वर्तमान, भविष्य दिसतं; भविष्यातलं केंद्र पूर्ण स्वयंचलित झालेलं आणि आत एकच माणूस उरलेला. जागे झाल्यावर कार्लसन बोनस देतात. मालकाचं हृदयपरिवर्तन हा तिकडचा जुना नाताळी साचा. आपल्याकडे बोनसचा इतिहास हृदयपरिवर्तनाचा नाही, संपाचा आहे. 1924 मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या बोनसवरूनच, आणि त्या गिरण्यांत आमच्या पोलादपूर-महाडच्या घरटी एक तरी माणूस असे. पुढे 1965 चा कायदा आला: कमीत कमी 8.33 टक्के, जास्तीत जास्त 20. वर्षाचा पगार शंभर धरला तर 8.33 म्हणजे बरोबर एका महिन्याचा. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यायचा. मार्चअखेरला वर्ष संपतं, म्हणजे नोव्हेंबरअखेरची मुदत, आणि दिवाळी त्याच्या आतच येते. बोनस दिवाळीला मिळतो तो असा, कायदा आणि पंचांग यांची गाठ पडून.

कायद्यात कंत्राटी कामगारही बसतो. पण त्याचा बोनस कंत्राटदाराने द्यायचा, आणि कंत्राटदाराचा मस्टर वेगळा. आमच्याकडे मिठाईचे खोके कंपनीच्या मस्टरवरच्या आकड्याप्रमाणे येत. ते मीच मोजून घेई. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी दुसरी पाळी सुटताना एका रांगेत सगळे चालत येत आणि गेटपाशी रांगेचे दोन भाग होत: हातात खोका असलेले आणि नसलेले. ‘द ऑफिस’च्या 2005 च्या नाताळच्या भागात भेटवस्तूंना वीस डॉलरची मर्यादा असताना मायकेल चारशे डॉलरचा आयपॉड आणतो आणि सगळ्या कचेरीचा विचका होतो. भेट एकीकडून दुसरीकडे गेली की कचेरीतली उतरंड उघडी पडते, हे त्या लेखकांना नेमकं कळलं होतं. पण तिथे प्रत्येकाच्या हातात निदान काहीतरी आहे. गेटपाशी मोकळ्या हाताने थांबलेल्या माणसावर लिहिलेला सणाचा भाग मला अजून सापडायचा आहे.

‘साइनफेल्ड’मधला 18 डिसेंबर 1997 चा भाग मी एकदाच पाहिला, पुन्हा पाहिला नाही. क्रेमर हा इसम बेगल नावाच्या गोल पावाच्या दुकानातून बारा वर्षं संपावर असतो. संप मिटतो, तो कामावर जातो, आणि लगेच ‘फेस्टिव्हस’ या सणासाठी रजा मागतो. हा सण एका मित्राच्या बापाने घरी बसून काढलेला. त्यात ॲल्युमिनियमचा खांब उभा करतात आणि एकमेकांविषयीच्या तक्रारी बोलून दाखवतात. रजा नाकारली जाते आणि क्रेमर पुन्हा फलक घेऊन दुकानासमोर उभा. विनोदाचा सगळा भार, सण खोटा आहे यावर आहे.

आमच्या सुट्ट्यांच्या यादीत गणपती होते, दसरा होता, लक्ष्मीपूजन आणि पाडवा होता. शिमगा नव्हता. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरचा कंत्राटी हेल्पर एका मार्चमध्ये माझ्यासमोर उभा राहिला. गावची पालखी त्या साली त्याच्या नव्या घरात पहिल्यांदा येणार होती, आणि त्याला तीन दिवस हवे होते. मार्च म्हणजे वर्षाचं उद्दिष्ट, माल रवाना करायची घाई. मी अर्ज पुढे पाठवला; त्यावर आपलं मत लिहायची एक ओळ असे, ती कोरी ठेवली. रजा नामंजूर झाली. तो गेला. परत आला तेव्हा त्याचा गेट पास बंद झालेला होता, आणि तो बंद झाल्याची नोंद माझ्याच हाताने झाली. त्याने भांडण केलं नाही, फलक धरला नाही. पालखीचा प्रसाद म्हणून नारळाचा अर्धा तुकडा कागदात बांधून आणला होता, तो माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. क्रेमरच्या दुकानासमोर प्रेक्षक हसले तेव्हा मी खिडकीबाहेरचा पाऊस पाहत होतो. त्या भागात व्यवस्थापकाच्या तोंडचा नकार अगदी खरा आहे, एवढं टीकाकार म्हणून मला नोंदवलं पाहिजे.

वेळेची नोंद हा माझा धंदा, म्हणून ‘मॅश’चा डिसेंबर 1980 मधला नाताळचा भाग मी विसरू शकत नाही. कोरियातल्या युद्धात तंबूतलं इस्पितळ. नाताळच्या दिवशी एक जवान मरणाच्या दारात आहे, आणि त्याच्या मुलांनी पुढे आयुष्यभर नाताळ म्हणजे बापाचा मृत्युदिन मानू नये म्हणून दोन डॉक्टर आणि परिचारिका त्याला मध्यरात्रीपर्यंत जगवायला धडपडतात. ते साधत नाही. मग घड्याळाचा काटा पुढे सरकवून मृत्यूची वेळ दुसऱ्या दिवशीची लिहिली जाते. मस्टरमध्ये खोटी नोंद करणं हा आमच्याकडचा सर्वांत मोठा गुन्हा, तरी या तिघांना मी माफ केलं. इथे कोणी सोबतीला येत नाही, सण साजरा होत नाही, काम फक्त चालू राहतं. पाहिलेल्या सगळ्या भागांत कामाच्या जागेशी सर्वांत प्रामाणिक राहिलेला हाच, आणि तो विनोदी मालिकेतला आहे हे विशेष.

3 नोव्हेंबर 2023 रोजी, लक्ष्मीपूजन नऊ दिवसांवर असताना, महाडच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार बेपत्ता असल्याची बातमी आली, आणि मग एकेक मृतदेह हाती लागत गेला. मी तेव्हा निवृत्त होतो. पण अशा वेळी आत कोण होतं हे सांगू शकणारा कागद म्हणजे पाळीचा तक्ता आणि गेटवरची नोंद, हे मला ठाऊक होतं. टाइम ऑफिसात आमच्यापैकी कोणीतरी बोट ठेवून एकेक नाव वाचत असणार. त्या दिवाळीत आमच्या आळीत फटाके फारसे वाजले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मेरीचा भाग संपला तेव्हा भाच्याला म्हटलं, तुमच्याकडे दिवाळीला सुट्टी असते ना? तो म्हणाला, ‘असते हो मामा, पण क्लायंट अमेरिकेचा. त्यांची दिवाळी नसते, त्यामुळे रात्री कोणीतरी फोनवर लागतंच. नाताळात ते झोपतात, मग आम्ही मोकळे.’

‘मग यंदा लक्ष्मीपूजनाला कोण?’

‘मीच. बाकीच्यांना पोरं आहेत.’